तिखट कान

जिनिंगमध्ये एकतीस वर्षं रेच्यापाशी उभा होता
माझा भाऊ शेषराव.
आता त्याच्याशी बोलायचं तर
आधी खांद्याला हात लावावा लागतो.

त्याची अश्लेषा आइसलँडात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते,
रात्री वर्गात बसून त्यांची भाषा शिकते,
आणि फोन मला करते. मी व्याकरणाचा मास्तर,
दारव्ह्याच्या शाळेत हाडाचा खडू झालेला.

म्हणते, काका, ऐकणं म्हणजे इथं हेइरा.
आणि कान? एइरा.
ह पुसला की कान उरतो.
मी म्हटलं, आपलंही ऐक म्हणे आकर्णपासून आलं,
जुने कोशकार सांगतात, पटत नसेल त्यानं भांडावं,
घासून घासून कर्ण आतल्या आत दडला.
ती म्हणते, त्यांच्या शब्दाच्या अगदी तळाशी
काही पंडितांना दिसतो
धारदार कान.

मी अंगणात एकटाच हसलो.
तिखट कान! शेषरावला आई हेच म्हणायची,
‘या पोट्ट्याचे कान भिवापुरी मिरचीवानी,
चार घरं सोडून भाकर थापली तं याले समजते.’
शेषराव समोरच तुरीच्या शेंगा सोलत होता.
का हसलो, विचारलं नाही.

मग ती विभक्तीवर आली.
मी ऐकते: एग हेइरी. कर्ता प्रथमेत, ताठ.
पण नुसतं ऐकल्यासारखं वाटलं, खात्री नसली,
तर तो उठून चतुर्थीत जाऊन बसतो:
म्येर हेइरिस्त.
म्येर म्हणजे मला.
मला म्हणजे आमच्याकडं मले.

परवा यवतमाळला तपासणी झाली.
काचेची खोली, कानांवर डबडी,
आवाज आला की बटन दाबायचं.
शेषरावनं पुष्कळदा दाबलं.
बाई म्हणाल्या, काही वाजत नव्हतं तेव्हाही दाबलंत.
‘खोटं काहून सांगू? मले आयकू आल्यावानी वाटे.’
त्यांच्या कागदावर याला रकाना नव्हता.

रविवारी फोन त्याच्या हाती दिला.
त्यानं तो कानाला नाही, गालाला लावला,
हाडाशी, जिथं थरथर पोचते.
‘हाव माय. हाव. मी आयकून राह्यलो.’

मी.

पोरांच्या वहीत असतं तर
तांबड्या शाईनं खोडून वर मले लिहिलं असतं.
फोन कधीचाच कटला होता.
शेंगांचं टोपलं मी जवळ ओढलं.