कोपर वर धरा

पुण्यातल्या प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये
दोनशे शिक्षक उभे राहिले
आणि हवेत कणीक तिंबू लागले.
पडद्यावर गाण्याचे शब्द, खाली बारीक अक्षरात:
पारंपरिक कृतिगीत. कवी अज्ञात.

माझ्या शेजारच्या कोल्हापूरच्या बाई
बांगड्या मागे सारून मनापासून तिंबत होत्या.
मी हात उचलला, तो तसाच राहिला.
अज्ञात कशी असेल?
ती आमची नाकं पुसायची, पदराने.

केवळबाई बोरसे. बहादरपूर, बोरीकाठ.
बालवाडीची मदतनीस. सेविका नव्हे.
सेविकेला खुर्ची होती,
केवळबाईला चूल.

त्या वर्षी सुकडीचा टेम्पो तीन दिवस आला नाही.
एकोणीस पोरं आणि एक घासून लख्ख ठेवलेलं पातेलं.
पहिल्या दिवशी तिने गोष्ट सांगितली.
दुसऱ्या दिवशी थोपटून निजवलं.
तिसऱ्या दिवशी गोष्ट पुरेना, झोप येईना,
भिक्याने तर पाटीचा कोपरा चावायला घेतला,
तेव्हा तिने पदर खोचला नि म्हणाली,
चाला रे, मांडा करूत.

गहू नाही, गूळ नाही, आखाजी अजून कुठल्या कुठे.

*कणिक तिंबा, तिंबा, तिंबा,
गोया करा, आते थांबा.
हातवर मांडा, हातवर मांडा,
कोपरपावत जाऊ दे थोडा.
खापरवर टाका,
काय वाजनं?*

चर्र! आम्ही ओरडायचो,
आणि खरंच वास यायचा.
निदान मला यायचा.

'काय वाजनं' विचारताना
ती उजवा हात उजव्या कानामागे धरायची.
डावा कान लहानपणीच गेलेला,
गोवराने म्हणायचे काही, काही गप्प बसायचे.
आम्हीही धरायचो हात कानामागे.
आम्हाला वाटलं, ते गाण्यातच आहे.

पुढे ते गावाबाहेर कसं गेलं, सगळं नाही सांगता येणार.
एक पर्यवेक्षिका जीपमधून आल्या, वहीत उतरवून गेल्या.
धुळ्याच्या मेळाव्यात ते झालं म्हणे, टाळ्या पडल्या.
आमची निमा लग्न होऊन सुरतेला गेली,
तिच्या पोरांनी ते तिथल्या अंगणात नेलं.
वाटेत मांड्याचा चांदा झाला
कारण मांडा म्हणजे काय, पुढे कुणाला ठाऊक?
खापराचं छप्पर झालं.
छपरावर चांदा टाका, काय वाजलं? सर्र!
पोरं हसतात. हसू दे.
मोबाइलवर तर एक टाय लावलेला अस्वल ते म्हणतो
आणि लाखांनी बघतात.

शब्द सगळे झिजले.
तो हात तेवढा राहिला.

'इथे हात कानामागे,' प्रशिक्षक मॅडम म्हणाल्या,
'या कृतीतून श्रवणकौशल्य विकसित होतं.'
आम्ही लिहून घेतलं.
मग सगळ्यांनी एकदम हात कानामागे नेले.
दोनशे कान.
सगळे उजवे.

सुट्टीत गावी गेलो. ती ओट्यावर
तुरीच्या शेंगा सोलत बसलेली.
मी उजव्या बाजूला बसलो, आम्ही सगळे तिथेच बसतो,
आणि मोबाइल पुढे धरला:
कुठलीशी शाळा, निळे गणवेश, तीनशे पोरं,
हवेत तीनशे चांदे.

तिने आवाज ऐकला नाहीच बहुतेक.
डोळे बारीक करून हात तेवढे बघत राहिली,
पहिल्यांदा, परत एकदा, मग शेंगा बाजूला सारून तिसऱ्यांदा.
माझ्या मनात वाक्यं तयार होती:
हे तुझं आहे, तुझं नाव लागायला हवं, मी अर्ज करतो.

ती म्हणाली,
'मांडा फाटी जाई ना भो असा!
कोपर खाले पाडतस पोरे.
त्यास्ले सांग, कोपर वर धरा.'

आणि सुपावर दोन्ही हात उचलून
रिकाम्या हवेचा तिने एक असा पातळ मांडा केला
की त्यातून मला पलीकडचं बोरीचं पात्र दिसलं.