रचना क्रमांक एकसष्ट

डिसेंबरात ख्रोनिंगेनला
साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
खिडकीबाहेर कालव्यावर पाऊस आडवा पडतो,
पुलाच्या कठड्याशी सायकली एकमेकींवर कोसळतात,
आणि वीत्स्के पडद्यावर यकृत रंगवत बसते.
तपकिरी.

एका गर्भाचे आठशे बारा काप.
मेणात घट्ट धरून कापलेले, काचेवर ओळीनं निजवलेले,
नव्वद वर्षांनी यंत्राखाली सरकवून
पुन्हा एकावर एक रचायचे.
प्रत्येक कापावर हातानं रेघ मारायची:
इथवर यकृत, इथून पोकळी,
हृदय लाल, आतडं हिरवं, मज्जा पिवळी.
संगणकाला कळत नाही कुठे काय संपतं.
वीत्स्केलाही दर वेळी कळतं असं नाही.
सदतिसाव्या दिवशी
कुणी कुणाला हद्द आखून दिलेली नसते.

आठ मिलिमीटर.
चवळीचा दाणा हातावर घ्या, तेवढा.
हात आहेत, म्हणजे वल्ह्यांची पाती आहेत,
बोटं फुटायची आहेत.
डोळ्यात काजळाची बारीक कड आलेली,
पापणीचा पत्ता नाही.
कपाळ म्हणावं असंही काही नाही,
तेव्हा कपाळी काय लिहिलंय
हा प्रश्नच उद्भवत नाही.

लिहिलेलं आहे ते कार्डावर.
जांभळी शाई, ताठ अक्षर:
मार्च १९३१. शस्त्रक्रियेतून.
आई मालवाहू नावेवर राहणारी, वय चौतीस,
आधीची बाळंतपणं सहा.
नमुना उत्कृष्ट.
नाव नाही. तिला विचारलं होतं का, तेही नाही.
डॉक्टर रूर्ड म्हणाले, तेव्हा पद्धत नव्हती,
आणि हातात कॉफीचा कप धरून
उगाच उभेच राहिले बराच वेळ,
खुर्ची समोर असून.

काप चारशे सदतीस.
यकृतावरून एक काळी रेघ गेलेली.
वीत्स्केला वाटलं ओरखडा. मग वाटलं शीर.
चारशे अडतिसातही तीच, शेजारच्या कापावर टेकलेली,
एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळती,
किंचित वाकलेली.
तिनं मूळ काच काढली, दिव्यापुढे धरली.
पापणीचा केस.
काचेवर काच ठेवताना
वाकलेल्या कुणाचा तरी गळालेला,
आणि तसाच चिकटलेला राळेत.

कार्डाच्या कोपऱ्यात दोन आद्याक्षरं आहेत.
बाई असेल, वीत्स्के म्हणते,
अशी कामं तेव्हाही बायकाच करायच्या.
थंड खोलीत, श्वास रोखून,
मेणाची फीत ब्रशनं उचलून ठेवणारी,
डोळ्यांवर ताण येऊन पापण्या चोळणारी.
तिचं नावही कुठे नाही.

वीत्स्केनं केसावर मोजपट्टी लावली.
आठ मिलिमीटर.
तिनं पुन्हा मोजला.

पुसून टाक, योरीन म्हणाली, दोन क्लिकचं काम आहे.
खरंच दोन क्लिकचंच होतं.
वीत्स्केनं रंगांची यादी उघडली.
साठ रचना, साठ रंग, एकही मोकळा नाही.
तिनं राखाडी बनवला, रेघेवरून हळू फिरवला,
नावाच्या चौकटीत काहीच लिहिलं नाही,
आणि तो थर झाकून ठेवला,
जसं कुणी झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण सारखं करतं.
मग डब्यातलं चीज-पाव खाल्लं.
पाव कडक झाला होता.

ॲटलास वसंतात खुला झाला.
आता तो गर्भ कुणाच्याही फोनवर फिरतो:
बोटानं ढकलला की पाठ दाखवतो,
हृदय बाजूला काढून ठेवता येतं, परत बसवता येतं.
बसमध्ये, वसतिगृहात, रात्रीच्या ड्युटीत.
बोटं नसलेले ते हात
किती बोटांनी वळवले असतील.

जूनमध्ये चिलीहून एका विद्यार्थ्याचं पत्र आलं.
मागच्या दुरुस्तीत झाकलेले थर चुकून उघडले गेले होते.
अतिशय आदरानं त्यानं विचारलंय:
यकृताच्या पृष्ठभागावरची राखाडी रचना, क्रमांक एकसष्ट,
पाठ्यपुस्तकात कुठेच सापडत नाही.
ती पुढे कशात विकसित होते?

पत्र वीत्स्केच्या टेबलावर आहे.
तिनं दोनदा उत्तर लिहायला घेतलं.
डोळे चोळले.
मग बोटाकडे पाहिलं,
आणि फुंकर मारायची राहूनच गेली.