चांदमारी

कंडक्टर अजून तेच ओरडतो,
"चांदमारी, इळीरी, इळीरी,"
आणि कानात बोंडं घातलेली एक पोरगी
व्हिक्टरी हाइट्सच्या कमानीसमोर उतरते.
कमानीवर चांद नाही. सिमेंटचे दोन सिंह आहेत,
एकाचा जबडा परवा मीच सांधला.

इथं माझा बाप खड्ड्यात बसायचा.
भरमाणा मोनाप्पा अष्टेकर, मार्कर, रोजंदारी.
डोक्यावरनं गोळ्या जायच्या.
शिट्टी झाली की टारगेट खाली ओढायचा,
मोजायचा, आणि गव्हाच्या लईनं
एकेका भोकावर कागदाचा चौकोन डकवायचा,
काळ्यावर काळा, पांढऱ्यावर पांढरा.
जवानांची तोंडं त्यानं कधी बघितली नाहीत.
भोकांवरनं ओळखायचा:
"ह्यो श्वास धरत न्हाई.
ह्येला घरचं पत्र आलेलं न्हाई.
सात नंबरचा कवळा हाय, डोळं मिटून वडतोय."

लाल बावटा उतरला की मी आणि शेवंता
मातीच्या ढिगावर चढून शिसं वेचायचो,
डालड्याच्या डब्यात वितळवून
मार्कंडेयकाठच्या भोयांना विकायचो, जाळ्याच्या वजनाला.
एकदा तिनं गोळी दाताखाली धरून बघितली.
गोड लागते म्हणाली.
मार मी खाल्ला.

मग पलटण हलली.
फाईल बेंगळुरूला गेली, दिल्लीला गेली,
बावट्याची नुसती काठी उरली,
काठीभोवती धनगरांची मेंढरं बसली.
वीस वर्षं.
ढिगाला जेसीबीनं अर्धा दिवस घेतला.
ठेकेदारानं माती चाळून शिसं नेलं,
किती, ते कुणी सांगत नाही.

आता बराकीत कंपनी आहे,
पोरं रात्रभर अमेरिकेशी अदबीनं बोलतात.
दारूगोळ्याच्या कोठारात सेल्स ऑफिस,
तीन फुटी जांभ्याची भिंत, आत उन्हाळा शिरत नाही,
तरी एसी लावलाय.
हुबळीच्या एका बाईंनी विचारलं,
"इथं आधी काय होतं?"
टायवाला पोरगा म्हणाला,
"काही नाही मॅडम. रिकामंच होतं."
मी शिडीवर होतो,
हातात पत्रा, पत्र्यावर पुट्टी.
पुट्टी लवकर सुकते, बोलत बसता येत नाही.

बी विंग, चारशे दोन.
माझ्या अंदाजानं ह्याच्याच खाली
सात नंबर उभा असायचा.
हॉलच्या भिंतीत इलेक्ट्रिशियनची अकरा भोकं,
कामाची चार.
हा घाईत होता.
इथं ड्रिल बोथट झालं.
इथं त्याला कुणीतरी हाक मारली असणार.
एकेक बुजवत आलो, पांढऱ्यावर पांढरा,
पॉलिश पेपर मारला,
हात फिरवून बघितला. काही लागत नाही.

रविवारी मालक येतील,
पडदे, टीव्ही, देवाचा फोटो,
पुन्हा भोकं पाडतील.
वॉचमनजवळ माझा नंबर ठेवून आलोय.