ठसे

मधल्या मारुतीपासून आत, सराफकट्ट्यामागच्या बोळात
आबांचं दुकान. दोन गिऱ्हाइकं बसली की भरायचं.
फळीवर काशाचे ठसे:
घोड्यावरचा खंडोबा, कुत्र्याचं शेपूट झिजून गेलेलं,
परडीवाली यल्लम्मा, मिशा पिळलेला वीरभद्र,
आणि पूर्वजांचे तीन. घोडेस्वार, जोडपं, एकटी बाई.
मेलेला माणूस कुठल्याही पेठेतला असो
या तिघांपैकी एकात मावायचा.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सत्यव्वा गाजूल आली,
दाजी पेठेतून, पाळी सुटल्यावर थेट,
केसांत कापसाचं पीस तसंच.
पदराची गाठ सोडून तिनं एक वाळा काढला.
"सासूचा आहे. जोडीतला एक तिच्या दवाखान्याला गेला.
यातून किती देव निघतील?"
आबांनी काट्यात टाकला, गुंजा बदलून पाहिल्या.
"दोन देव आणि एक माणूस."

सासरचा मल्लन्ना हवा होता तिला.
आबांनी खंडोबाचा ठसा पुढं केला, एकच की ओ तो.
"असंल. पण आमच्याला पगडी नाही अशी."
आबा हसले नाहीत. पगडी घासायला बसले.

माहेरची पोचम्मा.
तिचा ठसाच नव्हता.
"कशी दिसते?"
"दिसत नाही. लिंबाखालचा दगड आहे.
हळद लावली की डोळे येतात."
आबांनी पत्रा कापला, ठोकला, उजळला
आणि कोराच ठेवला.
फक्त खाली, कडेला, लिंबाचं एक पान.

मग सासू. नरसव्वा. एकट्या बाईचा ठसा चालेल,
"पण डाव्या हाताची करंगळी नव्हती तिला.
मागात गेली. अठराव्या वर्षी."
"एवढ्याशा पत्र्यात बोटं दिसत नाहीत हो."
"तिला दिसतील."

त्या रात्री वीज गेलेली.
मी अकरा वर्षांची, कंदील धरून.
आबांनी सगळ्यात बारीक छिन्नी काढली
आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या हातावर
आधी पाच बोटं कोरली, मगच एक पुसलं.
नुसती चार का नाही कोरली, मी विचारलं.
"तिला होती की आधी."

सकाळी सत्यव्वानं तिन्ही टाक कुंकवाच्या कागदात गुंडाळले.
घाईत होती, झेंडूची टोपली काखेत.
त्यांच्याकडं पितरांची अवस आणि बतकम्माची पहिली फुलं
एकाच दिवशी येतात,
दुपारी मेलेल्यांना भात, संध्याकाळी अंगणात फेर.
मजुरीचं विचारायचं आबा विसरले,
ती द्यायचं विसरली नाही.

आता दुकान मी बघते. टाक कमी, पैंजण जास्त.
मोडीत येतात ते वेगळेच.
कुणी पुण्याला फ्लॅट घेतला, देवघर लहान,
कुणाच्या घरात वाटण्या झाल्या, कुणाचा वंशच संपला.
"वितळवा," म्हणतात, आणि बाहेर बघत उभे राहतात.
पैसे देते मी. वितळवत नाही.
बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, आबांच्या वेळचा.
त्यात निजलेत: चौतीस देव, एकोणीस माणसं,
कुणाचं कोण, मला माहीत नाही.

अवसेला डबा उघडते.
दोन ताटं वाढते, कारण सगळ्यांना सगळं चालत नाही.
एकात कडक भाकरी, शेंगाचटणी, दहीभात,
दुसऱ्यात रस्सा. मधे तांब्या उभा करते,
वीरभद्राकडं वास जाऊ नये म्हणून.
नवरा म्हणतो, चांदीला कसला वास.
मी तांब्या जरा आणखी सरकवते.

आबांचा टाक अजून झालेला नाही.
घोडेस्वार? आयुष्यभर सायकल होती.
जोडपं म्हणावं तर आई अजून आहे,
आत बसून मला हाक मारतेय, चहा गार होतोय म्हणून.
पत्रा मात्र कापून ठेवलाय.
उजळलाय.
दर अवसेला पुसते आणि
डब्यात नाही, फळीवर ठेवते,
ठशांच्या रांगेत, शेवटी.