हात हलायला हवा

नाम्पोदोंगच्या गल्लीत माझं दुकान.
एक खुर्ची, एक दिवा, उजव्या डोळ्याला भिंग,
इतकंच मावतं.
ब्योन दोक-सू आत आला अंग चोरून,
मनगट छातीशी धरून,
घरट्यातून पडलेलं पिल्लू आणावं तसा.

"थांबतं हे. रोज पहाटे तीनच्या सुमाराला."

नव्वद लाख वॉनचं घड्याळ.
अकरा वर्षं साठवले, न विचारता म्हणाला,
ओव्हरटाइमचे वेगळे, पाकिटात, तांदळाच्या डब्यामागे.
शोरूममधल्या मुलीने पांढरे हातमोजे घालून ते पुढे ठेवलं
तेव्हा याने आपले हात पँटला पुसले होते.
पट्ट्याच्या कडीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं.
सात महिने झाले होते.

मी पाठ उघडली.
आत ती अर्धगोल पत्री, फुंकरीनेही झुलणारी,
निळे स्क्रू, नवं तेल, कुठे कण नाही.
ठोका असा स्वच्छ की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"काम काय करता?"

क्रेन. बंदरावर, रात्रपाळी.
चाळीस मीटर उंच काचेची खोली,
पायांखाली काच, काचेखाली जहाज,
आणि एकेक डबा तीस टनांचा.
उचलतात कशाने? दोन दांड्यांनी.
त्याने माझ्या टेबलावर दाखवलं:
अंगठा एवढासा पुढे. एवढासा मागे.
मनगट जागचं हललं नाही.

आता हे सांगायचं कसं?
की बाबा रे, याला सेल नाही,
हे हाताचं खातं,
आणि रात्रभर जहाजं रिकामी करणारा तुझा हात
याच्या हिशेबी नुसता बसून असतो.

सांगितलं.
मुकुट फिरवून चावी द्या रोज, तेही सांगितलं.
"मग ऑटोमॅटिकचे पैसे कशाला मोजले?"
थोडा वेळ गप्प.
मग हसायला लागला, खुर्ची करकरेपर्यंत.
"तू काही करत नाहीस, असं बायकोही म्हणते."

बायको पिल-सुन, जागाल्चीत मासे विकते.
खवले काढते, डोकी उडवते,
गिऱ्हाईक पुढे गेलं तर हात उंचावून परत बोलावते,
भाव पाडणाऱ्याच्या पाठीत धपका घालते.
नव्वद लाख, आणि मासळीच्या पाण्यात? आधी ओरडली म्हणे.
मग लाल रबरी मोजा कोपरापर्यंत चढवला,
आत घड्याळ.

सकाळी सातला तो येतो, साडेसातला ती निघते.
संध्याकाळी ती येते, तो बूट घालत असतो.
त्या अर्ध्या तासात दोनदा
ते एका मनगटावरून दुसऱ्यावर जातं.
"भरलं?"
"काठोकाठ."
वर क्रेनमध्ये वेळ पडद्यावर लाल आकड्यांत असतेच.
तरी तीन वाजले की तो बाही सरकवतो,
आणि बघतो.

पाच वर्षांनी परवा आला, साफसफाईला.
काचेवर दोन ओरखडे, प्लास्टिक कधीच गेलेलं.
पट्ट्याच्या सांध्यात खवला सापडला,
नखाएवढा, दिव्यापुढे धरला तर गुलाबी.
फेकवला नाही. काडेपेटीत ठेवलाय.

"दिवसाला सहा सेकंद पुढे धावतंय," मी म्हणालो,
"लावून देऊ?"
त्याने मनगट पुढे केलं.
"राहू द्या," म्हणाला,
"तेवढीच ती लवकर घरी येते."