नऊ मिनिटं

पुण्याहून एक साहेब आला, चिटणीस नावाचा.
गळ्यात घड्याळ, हातात पाटी,
बुटांवर अजून कापूस बसला नव्हता.
माझ्या मागाशेजारी उभं राहून
त्यानं माझा तुटका धागा मोजला :
तुटला, दिसला, थांबवला, गाठ, चालू.
एकोणीस सेकंद.
"बारात होईल," म्हणाला.
दुसऱ्या दिवशी मी सत्तावीस घेतले.
म्हातारा सिद्राम तर गाठ मारायच्या आधी
तंबाखू मळायला बसला,
साहेबानं बिचाऱ्यानं
तंबाखूसाठी वेगळा रकाना आखला.

मग त्यानं चहा मोजला.
आमचा चहा दहा मिनिटांचा.
लिहिलेलं कुठंच नव्हतं,
हसनसाबची किटली रिकामी व्हायला
तेवढाच वेळ लागायचा, एवढंच.
साहेबानं सही करून कळवलं : आठ पुरेत.

कॉम्रेड गाजूल गेटसमोर स्टुलावर चढले.
स्टूल हसनसाबचं, एक पाय आखूड.
"ही दोन मिनिटं नाहीत, दोस्तहो,
हे आपल्या बापजाद्यांचं रक्त आहे!
आज कप घेतील, उद्या बशी घेतील!"
टाळ्या मीही वाजवल्या.
बशीचं मला पटलं.
ऊन चव्वेचाळीस होतं
आणि स्टुलाची सावली फक्त स्टुलापुरती.

तेवीस दिवस माग गप्प.
अक्कलकोट रोडवर इतकं सामसूम
की मला रात्री झोप येईना.
खडखड नसली की कानात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.
राजेशम शेठ लग्नानंतर पहिल्यांदा महाबळेश्वरला गेले.
गोदामात टॉवेल पत्र्याला टेकलेले,
सगळे गुलाबी, दुबईनं नको म्हटलेले.
हे आम्हाला हमालानं सांगितलं.
कॉम्रेडना आधीच माहीत होतं,
त्यांची युनियनची निवडणूक श्रावणात होती.
खोटं कुणी बोललं नाही हो.
संप दोघांनाही हवा होता,
आम्ही तेवढा करून दिला.

बाराव्या दिवशी चिटणीस गेटवर आला.
लॉजवर करमेना म्हणाला.
सिद्रामनं सरकून जागा दिली, हसनसाबनं ग्लास दिला,
शेंगा चटणी आणि कडक भाकरी कुणाची तरी होतीच.
एक चहा प्यायला त्याला चौदा मिनिटं लागली.
घड्याळ बघितलं त्यानं, सवयीनं,
आणि शर्टात टाकून दिलं.

तेविसाव्या दिवशी तडजोड झाली : नऊ.
गुलाल. पेढे. फोटो.
फोटोत शेठ, कॉम्रेड,
मध्ये चिटणीस, कपाळाला गुलाल,
त्याला बिचाऱ्याला कोण जिंकलं ते कळलं नव्हतं.

घरी पोसव्वा सुपात तंबाखू घेऊन बसलेली.
बोटं चालू, मान खाली.
"मिळाली," मी म्हणालो. "नऊ मिनिटं."
"दहा होती ना?"

पाण्याचा तांब्या माझ्या हातातच राहिला.

"दहा होती," ती म्हणाली,
पानावर कात्री फिरवत,
"तेवीस दिवस बसलात
आणि एक देऊन आलात."
मग दोरा दातानं तोडून,
"तेवीस दिवस, रोज हजार विड्या.
त्यातल्या चेकरनं किती छाट काढल्या ते विचारू नका.
त्याच्याकडं घड्याळ नाही. नुसता हात आहे."
"एका मिनिटात किती होतात गं?"
"दोन. तुम्ही समोर उभे नसाल तर."

आता नऊ मिनिटं झाली की भोंगा होतो.
मी ग्लास मागाखाली ठेवतो, पेटीआड,
माग चालू करतो,
आणि दहावं मिनिट
वाकल्यासारखं करून पितो.
चिटणीस बघतो.
बूट आता पांढरे झालेत त्याचे.
पाटीवर काहीतरी लिहितो,
बहुतेक : धागा तुटला.