डावा हात

देवगडच्या जेटीवर, लिलाव पांगल्यावर,
बर्फाच्या पालथ्या खोक्यावर बसून
मी दहाचं नाणं नाहीसं करतो.
रोज दोनशे वेळा. वहीत रेघा ओढतो.
खाऱ्या हवेत तळवा चिकटतो,
नाणं सुटत नाही,
सुटलं तर भलत्याच वेळी,
पायऱ्यांवरून घरंगळत खाडीत.
आजवर एकशे तीस रुपये.

शेवंती खवणेकर पाटी आवरताना म्हणाली,
"मेल्या, तूच डाव्या हाताक बघतंस,
मगे मी खय बघू?"

आणि बांगड्यांचा वाटा लावला.
माझ्या डोळ्यांत बघत
आईच्या गुडघ्यांची चौकशी केली,
भाऊ बोटीवरून कधी येणार, विचारलं,
मी सांगत राहिलो.
घरी पिशवी उलटली तर
वर दाखवलेले दोन मोठे
कुठेच नव्हते.

तेव्हापासून रेघा बंद.
आरशापुढे उभा राहतो,
आतल्याला विचारतो,
गुडघे कसे आहेत आईचे?
तो खरंच आठवायला लागतो.
तेवढ्यात.

काल दोनदा मलाच कळेना
नाणं कुठल्या हातात.

शेवंतीला अजून दाखवलेलं नाही.
आधी ते दोन बांगडे
तिच्या पाटीतून काढायचेत,
तिच्याच डोळ्यांत बघत.